नॅट हेअरपिनिंग

नॅट हेअरपिनिंग (इतर नावे : नॅट लूपबॅक, नॅट रिफ्लेक्शन) ही संगणक जाळ्यातील राउटरची एक कार्यपद्धती होय. एखाद्या कार्यालयातील, कारखान्यातील किंवा घरातील वापरकर्ता त्याच जागेतील सर्व्हरशी त्याच्या सार्वजनिक पत्त्यावरून संपर्क साधू लागला, तर ती विनंती राउटरपर्यंत जाते आणि तेथूनच पुन्हा आत वळवली जाते. राउटरमध्ये ही सोय नसेल किंवा अर्धवट मांडलेली असेल, तर एक विचित्र स्थिती निर्माण होते. पुण्याहून वा दुबईहून जो सर्व्हर विनासायास उघडतो, तोच त्याच इमारतीतील शेजारच्या टेबलावरून उघडत नाही.

नाव

हेअरपिन म्हणजे अंबाड्यात खोवायचा आकडा. त्याची दोन्ही टोके एकाच दिशेला असतात. घाटरस्त्यावर गाडी जेथे जवळजवळ आल्या दिशेलाच तोंड फिरवते, त्या वळणालाही हेच नाव आहे. येथे डेटाचे पॅकेट राउटरच्या ज्या दाराने आत येते त्याच दाराने परत फिरते, म्हणून हे नाव समर्पक ठरते. मराठीत यासाठी स्थिर प्रतिशब्द अजून रुळलेला नाही. जाळ्याची कामे करणारे तंत्रज्ञ बोलताना ‘लूपबॅक’ म्हणतात. मात्र १२७.०.०.१ हा संगणकाचा स्वतःचा अंतर्गत पत्ताही लूपबॅक याच नावाने ओळखला जातो व त्याचा या विषयाशी संबंध नाही. घोटाळा टाळण्यासाठी प्रस्तुत लेखात हेअरपिन हाच शब्द वापरला आहे.

पार्श्वभूमी

इंटरनेटवरील आयपी पत्त्यांची चौथी आवृत्ती (आयपीव्ही४) ३२ बिटांची असल्याने तिच्यात सुमारे ४२९ कोटी पत्तेच मावतात. १९९०च्या दशकाच्या प्रारंभीच हे पत्ते अपुरे पडणार हे स्पष्ट झाले होते. पॉल त्सुचिया (पुढे पॉल फ्रान्सिस) आणि टोनी एंग यांनी जानेवारी १९९३ मधील एका लेखात पत्त्यांच्या पुनर्वापराची कल्पना मांडली. मे १९९४ मध्ये शेल्ड एगेवांग व पॉल फ्रान्सिस यांनी ती आरएफसी १६३१ या दस्तऐवजात विस्ताराने दिली. हीच नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन, म्हणजे नॅट किंवा पत्तांतरण. फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ नुसार तीन पत्तामालिका खासगी वापरासाठी राखून ठेवण्यात आल्या : १०.०.०.० ते १०.२५५.२५५.२५५, १७२.१६.०.० ते १७२.३१.२५५.२५५ आणि १९२.१६८.०.० ते १९२.१६८.२५५.२५५. हे पत्ते कोणीही आपल्या चार भिंतींच्या आत वापरावेत, बाहेरच्या जगात मात्र त्यांना अर्थ नाही, अशी ही व्यवस्था आहे.

भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. म्हणजे येथील छोट्या-मोठ्या संस्था जाळ्यात आल्या तेव्हा पत्त्यांची काटकसर हा जगभर नियम होऊ लागला होता. पुढे ३ फेब्रुवारी २०११ रोजी आयपीव्ही४ पत्त्यांचा मध्यवर्ती साठा वाटून संपला. त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-प्रशांत विभागाची नोंदणी संस्था एपनिक आपल्या शेवटच्या राखीव गटावर आली. तेव्हापासून एका संस्थेला एकच सार्वजनिक पत्ता आणि त्यामागे दहा, वीस, शंभर यंत्रे, हे चित्र कायमचे झाले.

एकामागे अनेक यंत्रे असली की बाहेरून आलेली विनंती नेमकी कोणाकडे द्यायची हे राउटरला सांगावे लागते. या सूचनेला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. सोसायटीच्या फाटकावरील पहारेकऱ्याला ‘दूधवाला आला तर दुसऱ्या मजल्यावर पाठवा’ असे सांगून ठेवावे, त्यातलाच हा प्रकार. हेअरपिनचा प्रश्न उद्भवतो तो दुसऱ्या मजल्यावरचाच रहिवासी फाटकावर येऊन दूध मागू लागतो तेव्हा.

रबाळे येथील एका कारखान्याचे उदाहरण

नवी मुंबईतील रबाळे हे ठाणे-बेलापूर मार्गालगतचे ठिकाण आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक क्षेत्रात ते मोडते. ट्रान्स-हार्बर रेल्वेमार्गावर ऐरोली व घणसोली यांच्या मधले स्थानक रबाळे हे होय. या पट्ट्यात मोठ्या कंपन्यांच्या बरोबरीने यंत्रभाग, छपाई, वेष्टन, रसायने अशी कामे करणारे लहान कारखाने आहेत. पुढील रचना काल्पनिक आहे, परंतु अशा कारखान्यांत ती सहज आढळावी अशी आहे.

खाली पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रे, एका कोपऱ्यात मालाचे कोठार, वर माळ्यावर कार्यालय. कार्यालयात एक सर्व्हर आहे. त्यावर साठ्याची नोंद, मागण्या आणि चलने ठेवली जातात. त्याचा अंतर्गत पत्ता १९२.१६८.१.५ आहे. राउटरचा अंतर्गत पत्ता १९२.१६८.१.१ आणि इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीकडून घेतलेला स्थिर सार्वजनिक पत्ता २०३.०.११३.१० आहे. (हा शेवटचा पत्ता लिखाणातील उदाहरणांसाठी राखीव मालिकेतून घेतला आहे, प्रत्यक्षात तो कोणालाही दिला जात नाही.) बाहेरगावी फिरणाऱ्या विक्री प्रतिनिधींच्या मोबाइलमधील ॲपमध्ये कारखान्याचे डोमेन नाव भरलेले आहे. ते नाव २०३.०.११३.१० कडे बोट दाखवते आणि राउटर ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर आलेली विनंती १९२.१६८.१.५ कडे पाठवतो. नाशिकहून, कोल्हापूरहून ॲप व्यवस्थित चालते.

हेच ॲप कोठारातील माणसाला दिले जाते. त्याचा मोबाइल कारखान्याच्या वायफायवर आहे व त्याला १९२.१६८.१.२० हा पत्ता मिळाला आहे. ॲप फिरत राहते आणि शेवटी ‘संपर्क होऊ शकला नाही’ असा संदेश येतो. वायफाय बंद करून मोबाइल कंपनीचे इंटरनेट वापरले की चालू होते. पण पत्र्याच्या शेडमध्ये ते धड मिळत नाही. गाडी दारात उभी, माल भरलेला आणि चलन निघत नाही, अशी खोळंब्याची वेळ येते. दोष बहुधा सर्व्हरवर, वायफायवर किंवा ॲप बनवणाऱ्यावर ढकलला जातो. वास्तविक तिघेही निर्दोष असतात.

बिघाडाचे स्वरूप

या बिघाडाची दोन वेगळी कारणे आहेत आणि ती एकामागोमाग एक येतात. पहिले दूर केल्यावर दुसरे पुढे उभे राहते. त्यामुळे दुरुस्ती करणारा पुष्कळदा अर्ध्या वाटेवर गोंधळतो.

पहिले कारण असे की पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम बहुतेक राउटरांत फक्त बाहेरच्या दाराने येणाऱ्या पॅकेटना लागू असतो. कोठारातील मोबाइलचे पॅकेट आतल्या दाराने येते. २०३.०.११३.१० हा आपलाच पत्ता आहे एवढे राउटर ओळखतो व ते पॅकेट स्वतःसाठी आले असे समजतो. मग तो ते टाकून देतो किंवा स्वतःचे व्यवस्थापनाचे पान दाखवतो. कारखान्याचे डोमेन नाव टाकल्यावर राउटरचे लॉगिन पान उघडणे ही या कारणाची हमखास खूण आहे. पॅकेट इंटरनेट कंपनीपर्यंत जाऊन परत येते, असा एक समज प्रचलित आहे. तो चुकीचा आहे. सार्वजनिक पत्ता राउटरवरच असेल तर पॅकेट त्या जागेबाहेर पडतच नाही.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे आणि या विषयाचे मर्म त्यातच आहे. समजा, नियम आतल्या दारालाही लागू केला. आता मोबाइल (१९२.१६८.१.२०) आपली विनंती २०३.०.११३.१० ला पाठवतो. राउटर त्यावरील ‘प्रति’ बदलून १९२.१६८.१.५ असे करतो. ‘प्रेषक’ मात्र १९२.१६८.१.२० हाच राहतो. पॅकेट सर्व्हरला पोहोचते. सर्व्हर प्रेषकाचा पत्ता पाहतो. तो आपल्याच मालिकेतला, म्हणजे शेजारचाच आहे. शेजाऱ्याला पत्र द्यायला टपाल कचेरीत कोण जाईल? सर्व्हर उत्तर सरळ स्विचमधून मोबाइलकडे पाठवतो, राउटरला वगळून.

मोबाइलच्या हाती जे उत्तर पडते त्यावर प्रेषक म्हणून १९२.१६८.१.५ असे असते. मोबाइलने तर २०३.०.११३.१० शी बोलणे सुरू केले होते. टीसीपी या संवादनियमात जोडणीची ओळख चार गोष्टींनी ठरते : दोन्ही बाजूंचे पत्ते व दोन्ही बाजूंचे पोर्ट. यांतील एकही जुळला नाही तर ते उत्तर अनाहूत ठरते. मोबाइल ते नाकारतो आणि जोडणी तोडण्याची खूण उलट पाठवतो. अशा रीतीने विनंती पोहोचते, उत्तरही पोहोचते, तरी संवाद होत नाही. जाण्याची वाट एक आणि येण्याची दुसरी, आणि पत्त्याचे रूपांतर उलट करणारा राउटर परतीच्या वाटेवर नाही, हे त्याचे कारण. हेअरपिनवरील सर्व उपाय या एकाच मुद्द्याभोवती फिरतात. उत्तराला राउटरमार्गे आणावे, किंवा विनंतीच राउटरकडे जाऊ देऊ नये.

राउटरवरील मांडणी

पहिल्या उपायात राउटरवर दोन नियम लागतात. पहिला ‘प्रति’ बदलतो : राउटरच्या सार्वजनिक पत्त्यावर, ४४३ पोर्टवर, कोणत्याही दाराने आलेले पॅकेट १९२.१६८.१.५ कडे द्यावे. दुसरा ‘प्रेषक’ बदलतो : १९२.१६८.१ या मालिकेतून निघून १९२.१६८.१.५ च्या ४४३ पोर्टकडे राउटरमार्गे जाणाऱ्या पॅकेटवर प्रेषक म्हणून राउटरचा पत्ता लिहावा. दुसऱ्या नियमामुळे सर्व्हरला विनंती राउटरकडून आलेली दिसते, तो उत्तर राउटरला देतो आणि राउटर दोन्ही रूपांतरे उलटी करून ते मोबाइलकडे सोपवतो. मोबाइलला उत्तर २०३.०.११३.१० कडूनच आल्यासारखे दिसते व जोडणी पूर्ण होते.

जानेवारी २००१ मध्ये आलेल्या लिनक्सच्या २.४ आवृत्तीपासून नेटफिल्टर ही व्यवस्था त्यात आहे. तिच्यात पहिला नियम मार्ग ठरण्यापूर्वीच्या टप्प्यावर व दुसरा मार्ग ठरल्यानंतरच्या टप्प्यावर बसतो. लिनक्सवर आधारलेल्या राउटरांत शब्द वेगळे असले तरी रचना हीच असते. मिक्रोटिक या लॅटव्हियन कंपनीच्या राउटरांत दोन्ही नियम हाताने लिहावे लागतात. ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त प्रणालीत पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम केला की हेअरपिनची सोय आपोआप चालू होते. पीएफसेन्समध्ये तिला रिफ्लेक्शन असे नाव असून ती मुळात बंद असते. इंटरनेट कंपनीने फुकट बसवून दिलेल्या काही राउटरांत ती मुळीच नसते. तेथे नियमांशी झुंजण्यात अर्थ नाही. राउटर बदलावा किंवा पुढे दिलेला नावाचा उपाय करावा.

मांडणीत होणाऱ्या चुका ठरावीक आहेत. सर्वांत गमतीची चूक पहिल्या नियमातून सार्वजनिक पत्त्याची अट वगळण्याची. दाराची अट काढली आणि पत्त्याची घातली नाही, तर आतून ४४३ पोर्टवर जाणारे प्रत्येक पॅकेट, मग ते बँकेच्या संकेतस्थळाकडे निघालेले का असेना, कारखान्याच्या सर्व्हरवर येऊन आदळते. सगळ्या कार्यालयात एकाच वेळी सुरक्षा प्रमाणपत्राचे इशारे दिसू लागतात. याउलट दुसरा नियम फार ऐसपैस लिहिला, तर बाहेरून येणाऱ्यांचेही प्रेषक पुसले जातात. सार्वजनिक पत्ता स्थिर नसेल तर नियमात आकडे लिहून चालत नाही. पत्ता बदलला की नियम निकामी होतो. त्याऐवजी ‘राउटरचा स्वतःचा कोणताही पत्ता’ अशी अट घालण्याची सोय लिनक्स व मिक्रोटिक दोहोंत आहे. मात्र अशा अटीत राउटरचा अंतर्गत पत्ताही येतो. तो वगळला नाही तर राउटरचे व्यवस्थापन पान त्या पोर्टवर उघडेनासे होते. दोन कंपन्यांची इंटरनेट जोडणी घेतलेल्या ठिकाणी दोन्ही सार्वजनिक पत्ते धरावे लागतात, हेही अनेकदा राहून जाते.

मानके

नॅटची वर्तणूक कशी असावी याचे दंडक बराच काळ नव्हते. प्रत्येक उत्पादक आपापल्या परीने वागत असे. जानेवारी २००७ च्या आरएफसी ४७८७ ने यूडीपीसाठी आणि ऑक्टोबर २००८ च्या आरएफसी ५३८२ ने टीसीपीसाठी हेअरपिनिंग अनिवार्य ठरवले. त्यामागे कारखान्याचा सर्व्हर नव्हता. इंटरनेटवरून बोलणे, खेळ यांसारखे थेट दोन वापरकर्त्यांमधले व्यवहार होते. एकाच नॅटमागे बसलेल्या दोघांना एकमेकांचा फक्त बाहेरचा पत्ता ठाऊक असतो. हेअरपिन नसेल तर शेजारी शेजाऱ्याशी बोलू शकत नाही. या दस्तऐवजांनुसार वळवलेल्या पॅकेटवर प्रेषक म्हणून बाहेरचा पत्ता व पोर्ट असला पाहिजे. वर सांगितलेल्या मांडणीत बहुधा राउटरचा अंतर्गत पत्ता लिहिला जातो. सर्व्हरसाठी त्याने फरक पडत नाही, परंतु थेट संवाद साधणाऱ्या ॲपसाठी पडू शकतो.

नोंदींचा प्रश्न

हेअरपिनची खरी किंमत येथे मोजावी लागते, आणि सोपी सूचना देणारी बहुतेक मार्गदर्शने तिच्याबद्दल गप्प असतात. दुसऱ्या नियमाने प्रेषक बदलला की सर्व्हरच्या नोंदवहीत आतल्या सर्व माणसांच्या जागी १९२.१६८.१.१ हा एकच पत्ता उमटतो. कोठारातून कोण आले, लेखा विभागातून कोण आले, रात्री अकराला चलन कोणत्या यंत्रावरून रद्द झाले, हे त्या नोंदीवरून सांगता येत नाही.

याचे परिणाम दोन. चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकणाऱ्या पत्त्यावर आपोआप बंदी घालणारी व्यवस्था सर्व्हरवर असेल, तर एका माणसाच्या विसराळूपणामुळे राउटरचाच पत्ता बंद होतो व सारे कार्यालय बाहेर पडते. दुसरा परिणाम कायदेशीर जबाबदारीचा आहे. सर्ट-इन या केंद्र शासनाच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या माहिती प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवावयाच्या आहेत आणि विहित प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावयाच्या आहेत. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांना हे निर्देश २५ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाले. नोंदी जपल्या, पण त्यांत प्रत्येक ओळीवर राउटरचेच नाव असले, तर त्यांचा चौकशीला उपयोग किती होईल हे उघड आहे.

यावर तोड आहे. राउटरने रूपांतराच्या नोंदी वेळेसह बाहेरच्या नोंदयंत्राकडे पाठवाव्यात व दोन्ही यंत्रांची घड्याळे जुळलेली असावीत, म्हणजे मागाहून ताळा घेता येतो. दुसरी युक्ती अशी : सर्वांना एकच पत्ता न देता आतल्या प्रत्येक पत्त्याला एका वेगळ्या खासगी मालिकेतील ठरलेला जोडीदार द्यावा. १९२.१६८.१.२० चा १०.९९.१.२० होतो, २१ चा २१. ही मालिका सर्व्हरच्या शेजारची नसल्याने तो उत्तर राउटरमार्गेच देतो, आणि शेवटच्या आकड्यावरून यंत्र ओळखू येते. लिनक्स व मिक्रोटिक दोहोंवर हे एका नियमात होते, तरी ते फारसे वापरले जात नाही.

नावाचे दुहेरी उत्तर

दुसऱ्या प्रकारच्या उपायात राउटरला मध्ये घेतलेच जात नाही. कारखान्याच्या आतील डीएनएस सेवेने डोमेन नावाचे उत्तर १९२.१६८.१.५ असे द्यावे आणि बाहेरच्या जगाला ते २०३.०.११३.१० असेच मिळत राहावे. याला स्प्लिट डीएनएस म्हणतात. कोठारातील मोबाइल मग सर्व्हरशी सरळ बोलतो. नोंदीत त्याचा खरा पत्ता उमटतो, राउटरवर भार पडत नाही, आणि इंटरनेट कंपनीची तार तुटली तरी आतले काम सहसा थांबत नाही. सुरक्षा प्रमाणपत्र नावावर दिलेले असते, पत्त्यावर नव्हे. त्यामुळे तेही दोन्हीकडे चालते. जेथे सर्व्हर नावाने गाठला जातो तेथे हा उपाय हेअरपिनपेक्षा निश्चितच सरस आहे.

त्याच्या मर्यादाही आहेत. ॲपमध्ये नावाऐवजी आकडी पत्ता भरलेला असेल तर डीएनएसला विचारलेच जात नाही. सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरच्या बाबतीत हे नेहमी घडते, कारण बसवणारा माणूस आकडेच भरून जातो. बाहेर ८४४३ पोर्ट आणि आत ४४३ असा बदल केला असेल तर तो डीएनएसला करता येत नाही. आत व बाहेर पोर्ट एकच ठेवावा लागतो. एखाद्या संगणकावर डीएनएस म्हणून ८.८.८.८ सारखा बाहेरचा पत्ता पक्का केलेला असेल, किंवा ब्राउझर कूटबद्ध डीएनएस वापरत असेल, तर आतले उत्तर त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. मोबाइल कारखान्याबाहेर पडल्यावर जुने उत्तर काही काळ धरून बसतो; त्यासाठी उत्तराची मुदत काही मिनिटांचीच ठेवतात. खासगी पत्ता सार्वजनिक डीएनएसमध्येच लिहून टाकण्याची पळवाट मात्र घेऊ नये. बाहेरचे लोक सर्व्हरला मुकतात ते तर झालेच, शिवाय फसवणुकीपासून रक्षण म्हणून अनेक राउटर बाहेरून आलेली अशी खासगी उत्तरे गाळून टाकतात.

प्रत्येक संगणकाच्या होस्ट्स फाइलीत पत्ता लिहिणे हा याचाच हाताने करायचा प्रकार. दोन-तीन जागेवरच्या संगणकांपुरते ते ठीक. लॅपटॉप घरी नेला की तोच प्रश्न उलट्या बाजूने उभा राहतो.

सर्व्हर वेगळ्या विभागात ठेवणे

सर्व्हर व वापरकर्ते वेगवेगळ्या मालिकांत ठेवले, उदाहरणार्थ सर्व्हर १९२.१६८.५० मध्ये आणि मोबाइल १९२.१६८.१ मध्ये, तर सर्व्हरच्या दृष्टीने मोबाइल शेजारी उरत नाही. उत्तर आपोआप राउटरमार्गे जाते. मग दुसऱ्या नियमाची गरज राहत नाही आणि प्रेषकाचा खरा पत्ताही टिकतो. बाहेरून उघडा ठेवलेला सर्व्हर कार्यालयातील संगणकांपासून दूर ठेवावा, हे सुरक्षेच्या दृष्टीनेही योग्यच आहे. हेअरपिनच्या निमित्ताने एवढे एक काम झाले तरी कारखान्याचा फायदाच होतो. अडचण खर्चाची फारशी नसते. मात्र जुने छपाई यंत्र, हजेरीचे यंत्र, रेकॉर्डर या साऱ्यांचे पत्ते बदलावे लागतात आणि ते काम सुटीच्या दिवशीच करता येते.

सर्व्हर कारखान्यातून हलवून डेटा सेंटरमध्ये ठेवला, तर कारखान्यापुरता हा प्रश्नच संपतो, कारण आत आणि बाहेर असा भेद राहत नाही. रबाळे, ऐरोली व महापे या पट्ट्यात अशी मोठी केंद्रे उभी आहेत. सिफी कंपनीचे एक केंद्र रबाळ्यातच आहे. परंतु तेथेही भारवाटप करणाऱ्या यंत्रामागे एकाच मालिकेतले दोन सर्व्हर एकमेकांशी बोलू लागले की उत्तर आडवाटेने जाण्याचा हाच दोष पुन्हा भेटतो.

कंपनीच्या पातळीवरील नॅट

काही ग्राहकांना इंटरनेट कंपनी सार्वजनिक पत्ता देतच नाही. राउटरच्या बाहेरच्या दाराला १०० ने सुरू होणारा, १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ या मालिकेतील पत्ता मिळतो. ही मालिका एप्रिल २०१२ च्या आरएफसी ६५९८ ने कंपन्यांच्या अशा वापरासाठी राखून ठेवली आहे. अशा जोडणीवर बाहेरून कोणीच सर्व्हर गाठू शकत नाही, त्यामुळे हेअरपिनचा प्रश्नही उद्भवत नाही. राउटरवर दिसणारा पत्ता आणि ‘माझा पत्ता कोणता’ हे सांगणाऱ्या संकेतस्थळावर दिसणारा पत्ता वेगळे असतील, तर आधी कंपनीकडून स्थिर सार्वजनिक पत्ता विकत घ्यावा. त्याआधी राउटरमध्ये नियम लिहिणे व्यर्थ होय.

आयपीव्ही६

आयपीव्ही६ मध्ये पत्ते १२८ बिटांचे असल्याने प्रत्येक यंत्राला स्वतःचा जागतिक पत्ता देता येतो. सर्व्हरचा पत्ता आतून व बाहेरून एकच असतो. पत्तांतरण नाही, म्हणून हेअरपिनही नाही. राउटरचे काम फक्त कोणाला आत सोडायचे एवढेच उरते. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाल्यानंतर भारतातील मोबाइल जाळ्यांत आयपीव्ही६ झपाट्याने पसरले. त्या मानाने लहान कारखान्यांतील राउटर, रेकॉर्डर आणि हिशेबाच्या प्रणाली अजून आयपीव्ही४ वरच विसंबून आहेत. दोन्ही आवृत्त्या चालू असलेल्या ठिकाणी एक फसवे दृश्य दिसते : आयपीव्ही६ असलेल्या मोबाइलवर सर्व्हर उघडतो आणि त्याच वायफायवरील जुन्या संगणकावर उघडत नाही.

तपासणी

बिघाड हेअरपिनचाच आहे का, हे ठरवण्यास महागडी साधने लागत नाहीत. एकाच मोबाइलवरून आधी कंपनीच्या इंटरनेटने व मग वायफायने तेच नाव उघडून पाहावे. पहिल्याने उघडले व दुसऱ्याने नाही, तर वायफायवरूनच १९२.१६८.१.५ हा अंतर्गत पत्ता थेट उघडावा. प्रमाणपत्राचा इशारा येईल, पण पान उघडेल. तसे झाले तर सर्व्हर, वायफाय व ॲप यांच्यावरील संशय दूर होतो. यानंतर सर्व्हरची नोंदवही किंवा पॅकेट टिपणारे साधन पाहावे. विनंती सर्व्हरपर्यंत येतच नसेल तर पहिला नियम अपुरा आहे. विनंती येते, उत्तर जाते आणि लगेच जोडणी तोडण्याची खूण येते, असे दिसले तर दुसरा नियम राहिला आहे. बाहेरून पाठवलेल्या चाचणीवरून यांपैकी काहीही कळत नाही, म्हणून दूरवर बसून राउटर सांभाळणारा तंत्रज्ञ ‘माझ्याकडे तर चालते’ असे खरेच सांगत असतो. ही तपासणी कारखान्याच्या आत उभे राहूनच करावी लागते.